उफराटा दरवाजा

उमाकांत करमळकरांना किल्ल्यांतलं सगळं कळतं, ही गोष्ट चेन्नईच्या मराठी मंडळात एकाच माणसाला ठाऊक होती, आणि तो माणूस म्हणजे स्वतः उमाकांत करमळकर.

नोकरी त्यांनी केली रेल्वेच्या ड्रॉइंग सेक्शनात. जन्मभर डब्यांच्या खिडक्या, दारं आणि संडास यांचे नकाशे काढले. पण रजा मिळाली रे मिळाली की स्वारी चपात्या बांधून निघालीच जिंजीला, नाहीतर वेल्लोरला. महाराष्ट्रातले किल्ले त्यांनी पुस्तकातच जास्त पाहिलेले. तरी बोलायला लागले की ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस काल संध्याकाळीच राजगड उतरून आलाय. मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमात त्यांचं भाषण ठरलेलं असे, आणि वडे गार होतायत म्हणून ते आवरतं घ्यायला सांगणाराही ठरलेला असे. लोक ‘काका बोलतात छान’ म्हणत. पण ‘दुर्गतज्ज्ञ’ असं काही कुणी त्यांना म्हटलं नव्हतं. सत्तरी उलटली तरी नाही. हे त्यांना लागायचं. वरवर हसायचे, पण आत लागायचं.

या लागण्याच्या मुळाशी भीमसेनराव होते. भीमसेनराव म्हणजे तंजावरकडचे जुने मराठी. त्यांचे पूर्वज तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर खाली उतरले ते परत वर गेलेच नाहीत. घरात मराठी बोलतात, पण ती अशी की बखर उघडून वाचतायत असं वाटावं, आणि मधूनच तमिळचा हेल. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले. चौऱ्याऐंशी साली, गाव अजून मद्रास होतं तेव्हा, मंडळानं दिवाळीत किल्ल्यांची स्पर्धा ठेवली. फ्लॅटच्या गॅलरीत पोरांनी किल्ले कुठे करायचे, म्हणून मंडळाच्या मागच्या मैदानात जागा आखून दिल्या. स्पर्धा पोरांची, पण तिशीतले उमाकांत कॉलनीतल्या चार पोरांना पुढे करून स्वतःच उतरले, आणि असा किल्ला उभा केला की बाकीची पोरं रडायला लागली. परीक्षक भीमसेनराव. त्यांनी किल्ल्याभोवती एक फेरी मारली आणि शून्य मार्क दिले.

शून्य! उत्तेजनार्थसुद्धा नाही! संतापाच्या भरात उमाकांतांनी त्याच संध्याकाळी किल्ल्याच्या पोटात सुतळी बॉम्ब भरले आणि सगळा उडवून दिला. फोटोवाला सकाळी आला, तेव्हा तिथे नुसता धूर होता.

कुणी विचारलं, “काका, शून्य का हो दिलं?” की ते म्हणत, “का म्हणजे? आम्ही पडलो वरचे! तंजावरवाल्यांना आम्ही कधी चाललोय?” हे इतक्या वेळा म्हणून झालं होतं की त्यांना स्वतःलाही ते पटलं होतं. खरं सांगायचं तर किल्ला ते विसरूनच गेले होते. अपमान तेवढा लक्षात राहिला होता.

तर असं असताना गेल्या वर्षी मंडळाच्या मैदानात भिंत सापडली.

मंडळ नुंगंबाक्कमच्या एका आडगल्लीत आहे. पावसाचं पाणी मुरवायचा खड्डा केलाच पाहिजे अशी महापालिकेची नोटीस आली, म्हणून मागच्या मैदानात खणायला माणसं लावली. मोठ्या पुरानंतर झुडपं माजलेल्या त्या मैदानात ट्रकांनी भराव टाकून ते चांगलं कमरेइतकं उंच केलेलं. त्या भरावाखाली पहार ठणकन वाजली. माती बाजूला केली तर विटांची गोलाकार भिंत. मंडळाचा सेक्रेटरी सुधींद्र दिवसभर कंप्युटरवर आणि उरलेला वेळ फोनवर असणारा माणूस, त्यानं फोटो काढून ग्रुपवर टाकला, “जुनी सेप्टिक टँक? कुणाला माहिती?”

पाचव्या मिनिटाला उमाकांत रिक्षात होते.

“सेप्टिक टँक!” खड्ड्याच्या काठावर उभे राहून ते ओरडले. “अरे सुध्या, डोळे आहेत का बटणं? बुरूज आहे हा! बुरूज! काम थांबवा आधी!”

काम थांबलं. उमाकांतांनीच खटपट करून कौमुदीला बोलावून आणलं. कौमुदी मंडळातल्याच एका बँकवाल्याची मुलगी, चेन्नईतच वाढलेली. मराठी अडखळत बोले, तमिळ फर्डं. पुरातत्त्व शिकून ती जुन्या लढायांच्या जागा शोधायचं काम करायची. गोळी कुठे पडली, कुठून आली, किती जण कुठे उभे होते, हे मातीवरून सांगायची. तिनं रीतसर परवानगी काढली, दोऱ्या बांधून चौकोन आखले आणि ब्रश घेऊन बसली.

“काका, प्लीज, कडेला नका ना उभे राहू. माती पडते.”

“मी फक्त मार्गदर्शन करतोय.”

“लांबून करा ना मार्गदर्शन.”

काकांनी लांबून केलं, पण आवाज मोठा ठेवला. आणि एकेक वस्तू अशी निघायला लागली की त्यांच्या आवाजाला कुणी आवरच घालू शकेना. विटा निघाल्या त्या पातळ, जुन्या घाटणीच्या. कौमुदीनं हातात घेऊन म्हटलं, “विटा अडीचशे-तीनशे वर्षांच्या असू शकतात.” विटांमधला चुना तिनं प्रयोगशाळेत पाठवला, त्यात गूळ आणि हिरडा निघाला, जुने गवंडी घालत तसाच. मग भिंतीच्या पायाशी निघाले बिडाचे गोळे, लिंबाएवढे, गंजलेले, चांगले पाटीभर. “जंबुरक्याचे गोळे! उंटावरच्या तोफेचे!” उमाकांत गरजले. कौमुदी म्हणाली, “असू शकतात.” आणि त्यावर काळा थर. कोळसा, राख, गंधक. भिंत एका बाजूनं आतून बाहेर फुटलेली.

“दारूगोळ्याचं कोठार उडालंय,” उमाकांत म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. “इथे लढाई झाली आहे, पोरी. आपली माणसं इथे पडली आहेत.”

“स्फोट झालाय, एवढं नक्की,” कौमुदी म्हणाली. “बाकीचं असू शकतं.”

कौमुदीचं ‘असू शकतं’ मंडळाच्या ग्रुपवर पोचेपर्यंत ‘आहे’ होऊन जायचं. राजाराम महाराज जिंजीत होते त्या काळातलं मराठ्यांचं ठाणं नुंगंबाक्कममध्ये सापडलं आहे, हे चार दिवसांत पक्कं झालं. रोज संध्याकाळी माणसं बघायला येऊ लागली. बायका खड्ड्याला हळदकुंकू वाहायला लागल्या. कौमुदीनं हात जोडून ते थांबवलं. आणि या सगळ्याच्या मधोमध उमाकांत करमळकर, डोक्याला टोपी, हातात छडी, सकाळ-संध्याकाळ तेच व्याख्यान नव्या जोमानं देत. आता वडे गार झाले तरी कुणी उठत नव्हतं.

भीमसेनरावही येत. पंच्याऐंशी ओलांडलेली, पाय थकलेले; नातू त्यांना गाडीतून आणून खुर्चीत बसवायचा. ते खड्ड्याकडे बघत बसायचे. त्यांच्या घराण्यात एक गोष्ट चालत आलेली होती. जनकोजी नावाचा पूर्वज म्हणे समुद्राच्या अंगाला एका ठाण्याचा हवालदार, म्हणजे प्रमुख, होता आणि ठाणं राखताना कामी आला. ही गोष्ट भीमसेनरावांनी आयुष्यभर सगळ्यांना सांगितली, आणि आयुष्यभर सगळे पाठीमागे हसले. कारण पुरावा म्हणून काही नव्हतं, ना कागद ना दगड. आता सुधींद्रनं, तो त्यांना तमिळ आजोबांसारखं ‘तात्ता’च म्हणे, एके संध्याकाळी सहज म्हटलं, “तात्ता, तुमच्या जनकोजींचं ठाणं हेच नसेल ना?” भीमसेनराव खुर्चीत सरसावून बसले. “असेल, बाबा,” ते म्हणाले. “कोण जाणें. असेल.” दुसऱ्या दिवशी ग्रुपवर जनकोजीच्या नावानं झेंडा आला. तिसऱ्या दिवशी कुणीतरी जनकोजीचं चित्रही काढून टाकलं, मिशा मोठ्या आणि घोडा पांढरा.

उमाकांत जळले. ठाणं सापडलं ते आपल्यामुळे आणि नाव लागतंय ते भीमसेनरावांच्या खापरपणजोबाचं! पण करणार काय?

मग दरवाजा निघाला.

कौमुदीनं शेवटच्या चौकोनातली माती खरवडली तेव्हा दोन छोटे बुरूज आणि त्यांच्यामधून वळत आत जाणारी वाट दिसायला लागली. माप तसं लहान होतं, सगळं ठाणंच लहान होतं. चौकीच असणार, असं उमाकांतांनी आधीच सांगून ठेवलं होतं. सगळे वाकून बघत होते. उमाकांतांनी छडीनं वाटेचं वळण हवेत गिरवून पाहिलं. किल्ल्याच्या दाराचा नियम त्यांना झोपेत विचारला असता तरी सांगता आला असता. वाट अशी वळवायची की वर येणाऱ्या शत्रूच्या उजव्या हाताला तट यावा. ढाल डाव्या हातात असते, म्हणजे उघडी बाजू तटावरच्या माणसांच्या माऱ्यात येते. इथे तट डाव्या हाताला होता.

“उलटं आहे,” कौमुदी म्हणाली. “हे विचित्र आहे ना, काका?”

भीमसेनरावांनी खुर्चीतून काठी उचलली, दाराकडे रोखली. “हें दार…” म्हणाले, आणि थांबले. त्यांची नजर खड्ड्याच्या पलीकडे, सुधींद्रनं लावलेल्या जनकोजीच्या चित्राच्या बॅनरवर गेली. काठी खाली आली.

“विचित्र नाही!” उमाकांतांना अचानक सुचलं, आणि सुचलं की ते थांबत नसत. “हीच तर अक्कल! शत्रू नेहमीच्या किल्ल्यांना सरावलेला. तो त्याच हिशेबानं येणार आणि फसणार. गनिमी कावा आहे हा, विटांमध्ये बांधलेला! असा दरवाजा दुसरीकडे कुठेही नाही!”

टाळ्या पडल्या. एका वर्तमानपत्रानं छापलं. मंडळानं ठरवलं की दिवाळीआधीच्या रविवारी मोठा कार्यक्रम करायचा, खड्ड्यापाशी फलक लावायचा, आणि उमाकांत करमळकरांना शाल देऊन ‘दुर्गतज्ज्ञ’ म्हणून गौरवायचं. पत्रिकेत तसं छापलंसुद्धा. उमाकांतांनी ती पत्रिका दिवसातून कितीदा पाहिली याची मोजदाद त्यांच्या बायकोनंही सोडून दिली होती.

त्यांची बायको अलकनंदाबाई. गुडघ्यांमुळे त्या मंडळात गेल्या नव्हत्या. खड्डा त्यांनी पाहिला नव्हता, आणि नवऱ्यानं फोनवर दाखवलेले फोटो ‘हो, छान’ म्हणून बाजूला केले होते. कार्यक्रमाच्या आदल्या दुपारी त्या स्वयंपाकघरात शेवग्याच्या शेंगा मोडत बसल्या होत्या आणि उमाकांत समोर टेबलावर भाषणासाठी दरवाजाचा नकाशा काढत होते. जन्म ड्रॉइंग सेक्शनात गेलेला. पट्टी न लावता रेघ सरळ यायची. एक बुरूज काढला, दुसरा काढला, वाट वळवली. हात न थांबता चालला होता. समोर फोटो ठेवला होता त्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

अलकनंदाबाईंनी मान वर केली. “आता हे परत कशाला काढताय?”

“परत म्हणजे?”

“हा तुमचा तो चौऱ्याऐंशीचा ना? उलट्या दाराचा.”

“काहीतरीच बोलू नकोस. हे ठाण्याचं दार आहे. खड्ड्यात निघालेलं.”

“असेल बाई. मला आपलं तेच वाटलं. त्या पुण्याच्या गृहस्थांनी मंडळात स्लाइडा दाखवल्या होत्या, त्यातली एक यंत्रात डावी-उजवी उलटी बसली होती आणि तुम्ही ती तशीच उतरवून आणलीत. भीमसेनरावांनी त्याच्यावरून तर शून्य दिलं. नंतर दोन महिने तुम्ही जेवताना दुसरं काही बोलत नव्हता. विसरलात होय?”

उमाकांतांची पेन्सिल कागदावर टेकलेली होती ती तिथेच राहिली.

“नाही,” ते म्हणाले. “ते आम्ही वरचे म्हणून…”

“कसलं वरचे नि खालचे! दार उलटं होतं म्हणून.”

उमाकांत हसले. मग हसायचं थांबले. “विटा जुन्या आहेत,” ते म्हणाले. “तीनशे वर्षं. कौमुदी म्हणाली.”

“जॉर्ज टाउनमध्ये ते जुनं गोदाम पाडत होते, तिथून हातगाडीवर आणल्या होत्यात की. जुन्याच पाहिजेत म्हणून हट्ट.”

“चुन्यात गूळ आहे.”

“माझा गूळ!” अलकनंदाबाई शेंग टाकून उठल्याच. “लग्नाला वर्ष नव्हतं झालं. दिवाळीसाठी आणलेला सगळा गूळ उकळलात, आणि वर हिरडा. घरभर वास. मी रडले होते, तेही विसरलात?”

“गोळे…” उमाकांत म्हणाले, पण त्यांचं त्यांनाच आठवलं. गिंडीला एका रंगाच्या कारखान्यात त्यांचा मित्र होता. रंग दळायच्या पिंपात घालतात ते बिडाचे गोळे. झिजले की टाकून देतात. पिशवीभर आणले होते, बुरुजाखाली रचून ठेवायला. आणि काळा थर. त्याबद्दल तर कुणाला विचारायलाच नको होतं.

ते खुर्चीत मागे टेकले. इतके दिवस त्यांनी दोनशे माणसांना एकेक वीट समजावून सांगितली होती. आपली माणसं इथे पडली म्हणून डोळ्यांतून पाणी काढलं होतं. आणि पडलं कोण होतं? उत्तेजनार्थ बक्षीससुद्धा न मिळालेला एक ड्राफ्ट्समन.

“काखेत कळसा,” अलकनंदाबाई म्हणाल्या, आणि तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मग नवऱ्याचा चेहरा बघितला आणि हसू आवरून जवळ येऊन बसल्या. “आता काय करणार?”

“काय करणार म्हणजे? गप्प बसणार. शाल घेणार.”

“बरं.”

“तू नको बोलूस कुठे.”

“मी कशाला बोलू? तुमचा किल्ला, तुमची शाल.”

आणि खरंच ते गप्प बसले असते. इथे कुणी असं समजू नये की उमाकांत करमळकरांचा आत्मा जागा झाला वगैरे. आत्मा व्यवस्थित झोपला होता. इस्त्रीचा सदरा घालून, बायकोला गुडघ्यांसकट रिक्षात बसवून ते रविवारी मंडळात पोचले ते शाल घ्यायलाच. घात केला तो कौमुदीनं, आणि तोही चांगलं बोलून.

हॉल खच्चून भरला होता. पहिल्या रांगेत भीमसेनराव, पांढरं पागोटं घालून, त्यांचं अख्खं कुटुंब भोवती. कौमुदी बोलायला उभी राहिली. तिनं प्रामाणिकपणे सांगितलं की काळ अजून ठरलेला नाही, विटा जुन्या असल्या तरी विटा पुन्हा वापरता येतात, चाचण्यांना वर्ष लागेल. लोकांनी ते कान देऊन ऐकलं आणि सोडून दिलं. मग ती म्हणाली, “पण एक सांगू? काळ कुठलाही असू दे, ज्या माणसानं हे बांधलं ना, तो माणूस साधा नव्हता. इतका नीट गोल बुरूज, इतका पक्का चुना! मी मोठमोठ्या किल्ल्यांवर काम केलं, पण एवढ्या प्रेमानं लावलेली वीट मी पाहिली नाही. दार उलटं आहे, पण त्यातही त्यानं आतल्या कोनाचं माप चुकवलेलं नाही. मला खूप वाटतं की त्याला भेटावं. तो कोण होता, हे कधीच कळणार नाही.”

“कळलंय की!” सुधींद्र माइकवर म्हणाला. “जनकोजी!” टाळ्यांचा कडकडाट झाला. भीमसेनरावांच्या नातसुनेनं डोळे पुसले.

उमाकांत खुर्चीच्या कडेवर आले. आयुष्यात पहिल्यांदा एका जाणत्या माणसानं त्यांच्या हातच्या कामाचं कौतुक केलं होतं, भरल्या सभेत, त्यांच्यादेखत. आणि ते कौतुक पांढऱ्या घोड्यावर बसून दुसराच कुणी घेऊन चालला होता. शाल? शाल घेऊन काय चाटायची होती? शाल शोधणाऱ्याला होती. भेटावंसं कौमुदीला वाटत होतं ते बांधणाऱ्याला.

ते उभे राहिले. “मी बांधला,” ते म्हणाले.

कुणाला नीट ऐकू आलं नाही. त्यांनी पुढे होऊन माइक धरला. “तो किल्ला मी बांधला. चौऱ्याऐंशी साली. दिवाळीच्या स्पर्धेला. विटा जॉर्ज टाउनच्या, गोळे गिंडीचे, गूळ माझ्या बायकोचा. आणि तो उडवला पण मीच, सुतळी बॉम्ब लावून. ठाणंबिणं काही नाही. तो माझा किल्ला आहे.”

हॉलमधल्या माना एकमेकांकडे वळल्या. मग सुधींद्रनं त्यांना मिठीच मारली. “बघा!” तो गहिवरून म्हणाला. “असा माणूस होणे नाही! शोधाचं श्रेयसुद्धा नको! म्हणे दिवाळीचा किल्ला!” लोक हसले, प्रेमानं हसले, आणि टाळ्या सुरू झाल्या.

“अरे विनोद नाही रे, गाढवा!” उमाकांत ओरडले. टाळ्या वाढल्या.

“ते खरं बोलतायत,” अलकनंदाबाई आपल्या खुर्चीतून म्हणाल्या. “चुना मी ढवळलाय. दार उलटं होतं, मला आठवतंय.” लग्नानंतर चारचौघांत नवऱ्याची बाजू घ्यायची ही त्यांची पहिलीच वेळ. तर मागून कुणीतरी म्हणालं, “काकू तरी काय, काकांचीच री ओढणार!” आणि ती साक्ष तिथल्या तिथे बाद झाली.

एकटी कौमुदी हसत नव्हती. ती खाली उतरून उमाकांतांच्या समोर आली. “काका, फोटो आहे?”

“फोटो काढायच्या आधीच उडवला.”

“मदतीला कुणी मुलं?”

“एक अमेरिकेत आहे म्हणतात. बाकीच्यांचा पत्ता नाही. पोरी, एक माणूस आहे ना!” उमाकांतांनी वळून पहिल्या रांगेकडे हात केला. “त्यांना विचार. परीक्षक होते. त्यांनी भोवती फेरी मारून बघितलाय. शून्य दिलंय त्याला! विचार त्यांना!”

कौमुदी भीमसेनरावांपाशी जाऊन खाली बसली. “तात्ता, तुम्ही पाहिला होता का ह्यांचा किल्ला?”

“पाहिला,” भीमसेनराव म्हणाले. सुधींद्रनं धावत माइक आणून त्यांच्या तोंडाशी धरला. “मीच शून्य दिल्हें. मैदानांतच होता, चिंचेपाशीं.”

“हाच का तो?”

भीमसेनरावांनी उमाकांतांकडे पाहिलं. दोघांची नजर एकमेकांत अडकली, आणि उमाकांतांना कळलं की म्हाताऱ्यानं दार ओळखलंय. काठी रोखली तेव्हाच ओळखलंय. ‘सांगा,’ उमाकांत मनात म्हणाले. ‘शून्य पुन्हा द्या, हवं तर वजा द्या. पण माझा म्हणून द्या.’

भीमसेनरावांचा पणतू त्यांच्या मांडीला टेकून उभा होता. त्याच्या छातीवर कागदाचा बिल्ला होता आणि त्यावर जनकोजीच्या मिशा.

“त्याचें दार उफराटें होतें,” भीमसेनराव हळूहळू म्हणाले. “मोठीच चूक. म्हणून शून्य.”

“आणि ह्याचं?” कौमुदीनं विचारलं.

भीमसेनरावांनी पागोटं सारखं केलं. पुन्हा बोलले तेव्हा आवाज बराच खाली गेला होता, पण माइक होता म्हणून शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांना ऐकू आलं.

“ह्याचें दार बरोबर आहे.”

टाळ्या अशा पडल्या की कौमुदीचा पुढचा प्रश्न कुणाला ऐकूच आला नाही. हे वाक्य त्या तोंडून ऐकण्यासाठी उमाकांत करमळकर चाळीस वर्षं थांबले होते. अनेकदा त्यांनी ते मनातल्या मनात ऐकलंही होतं, आणि दर वेळी पुढे काय काय बोलायचं हे ठरवून ठेवलं होतं. आता त्यातलं त्यांना काही आठवेना.

शाल त्यांच्या खांद्यावर आली. फलकावरचा पडदा सरकला. ‘हवालदार जनकोजी यांचे ठाणे,’ वर मोठ्या अक्षरात. खाली बारीक, ‘शोधकर्ते : दुर्गतज्ज्ञ उमाकांत करमळकर.’ कौमुदीनं त्यांच्याकडे पाहून ओठांनीच म्हटलं, “चाचण्या येऊ देत, काका.” त्यांनी मान हलवली.

खाली उतरून ते बायकोशेजारी बसले. अलकनंदाबाईंनी शालीची घडी नीट केली.

“शेवटी म्हणाले ना, दार बरोबर आहे?” त्या म्हणाल्या.

“म्हणाले.”

“मग?”

“माझं म्हणून नाही म्हणाले,” उमाकांत म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. पुढच्या रांगेतल्या बाईंनी वळून पाहिलं आणि शेजारणीला सांगितलं, बघा, काकांना किती आनंद झालाय.

मागून कुणीतरी ओरडलं की वडे गार होतायत.